पावसाविना गळणारं छत

पाऊस नसताना छत गळतं, हे मी लग्न होऊन बंगळूरला आले त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. आभाळ लख्ख, अंगणातली फरशी कोरडी, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र टप्, टप्. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. जयनगरात तेव्हा सकाळी स्वेटर घालून दूध आणायला जावं लागे, आणि परत येईपर्यंत पिशवी धरलेली बोटं बधिर झालेली असत.

यंदाही डिसेंबर आला, धनुर्मास लागला. सकाळी पातेल्यावरचं झाकण उचललं की आतून थेंबांची एक ओळ घसरते आणि ओट्यावर सांडते. मी झाकण तसंच हातात धरून उभी राहते. धाकटी म्हणते, "आई, गॅस चालू आहे, तू कुठे हरवलीस?" तिला काय सांगू, की अशाच एका झाकणानं मला एकदा एक माणूस राखून दिलं होतं.

ते माणूस म्हणजे गोदाक्का. माझे सासरे, म्हणजे अण्णा, त्यांच्या थोरल्या भावाची बायको. ते थोरले भाऊ जाऊन बारा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून गोदाक्का घरामागच्या शेडमध्ये राहत होत्या. शेड त्यांच्या नवऱ्यानं स्वतः उभी केलेली. तिथं त्या दोघांनी मिळून लग्नातली बाशिंगं करायला घेतली होती. तो गेला, बाशिंगं राहिली. भेंडाच्या, म्हणजे पाणवनस्पतीच्या हलक्या गराच्या, पांढऱ्याशुभ्र चकत्या कातरायच्या, त्यांच्या कळ्या वळायच्या, बांबूच्या बारीक कामट्यांवर कागद चढवून त्यावर जर, मणी आणि कळ्या बसवायच्या. मराठी घरं न्यायची, कन्नड घरंही न्यायची. बाशिंग बांधायला दोन्हीकडे कपाळ सारखंच असतं.

यात एक रीत होती, ती मला कळायला दोन महिने लागले. बाशिंग न्यायला लोक पुढच्या दाराशी येत. माझ्या सासूबाई ते तबकात घालून, हळदकुंकू लावून, सवाष्णीच्या हातानं देत. लोक म्हणत, "काय हात आहे हो तुमचा!" सासूबाई नुसत्या हसत. ज्यांचा हात होता त्या मागे शेडच्या खिडकीशी पुढचं भेंड कातरत असत. गोदाक्का विधवा. त्यांनी केलेलं बाशिंग कपाळाला चालत होतं, त्यांच्या हातून घेतलेलं चालत नव्हतं. मी सांगलीहून बी.एस्सी. होऊन आले होते, फिजिक्स घेऊन, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं असा माझा ठाम समज होता. मला या रीतीचा भयंकर राग यायचा. एकदा मी तो गोदाक्कांपुढे काढला. त्यांनी कातरीवरून नजर न उचलता विचारलं, "तुझं झालं बोलून? मग ती जर इकडे दे."

माझ्या स्वतःच्या लग्नालाही त्या आल्या नव्हत्या. लग्न सांगलीला झालं. "घर राखायला कोणीतरी हवं की," असं म्हणून त्या मागे राहिल्या होत्या. माझ्या नवऱ्याचं, म्हणजे माधवचं, आणि माझं, अशी दोन्ही बाशिंगं मात्र त्यांच्याच हातची होती. हे मला लग्नानंतर तीन आठवड्यांनी माधवकडून कळलं, तेही बोलता बोलता.

शेड गळायची ती थंडीतच. पहाटे छतावरून थेंब पडत आणि येताना पत्र्याचा गंज घेऊन येत. पांढऱ्या भेंडावर चहाच्या रंगाचा ठिपका उठे. तो धुता येत नाही, खरवडता येत नाही. आणि डाग पडलेलं बाशिंग कोण बांधणार? आधीच्या माघात एका घरची जोडी परत आली होती. माणसं भांडली नाहीत. नुसती कागदात गुंडाळून पुढच्या पायरीवर ठेवून गेली. अण्णांना ते भांडणापेक्षा जास्त लागलं होतं.

अण्णा दर वर्षी दिवाळी झाली की शिडी लावून शेडवर चढत आणि खिळ्याखिळ्यावर डांबर ओतत. बारा वर्षांचं डांबर साठून त्या पत्र्याला म्हशीसारखी कातडी आली होती. तरी गळतच होतं. त्या वर्षी मात्र अण्णांनी जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "या संक्रांतीला माल उघडू. एक डाग निघाला तरी शेड बंद. पत्रा उतरवून टाकू. वहिनींनी आता हुबळीला भावाकडे जाऊन निवांत राहावं. पुष्कळ झालं काम."

अण्णा वाईट नव्हते. निवांत हा शब्द ते मनापासूनच बोलले असतील. मी संध्याकाळी शेडमध्ये गेले तेव्हा गोदाक्कांना सगळं कळलेलं होतं. स्वयंपाकघरातलं बोलणं शेडपर्यंत सहज जायचं. त्या म्हणाल्या, "हुबळीला भावाच्या घरी चार खोल्या आहेत गं. त्यात माझी कुठली?" एवढंच. पण त्या दिवशी त्यांच्या हातून कळी तुटली. तोवर मी त्यांच्या हातून कळी तुटलेली पाहिली नव्हती.

मला वाटत होतं, ही शेड म्हणजे त्यांना घराबाहेर काढल्याची खूण. त्यांना वाटत होतं, हे आपलं घर. एकाच पत्र्याखाली आम्ही दोन वेगळ्या गोष्टी पाहत होतो, आणि तेव्हा कुठे मला पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं दिसलं.

धनुर्मासात लग्नं नसतात. संक्रांतीनंतर एकदम झुंबड उडते. म्हणून या महिनाभरात सगळी बाशिंगं करून, दोऱ्यांवर टांगून वाळवायची असतात. म्हणजे नेमकी गळतीच्या दिवसांत. गोदाक्का पहाटे उठून शेगडी पेटवत, चिंचोक्याची खळ शिजवत. त्याच शेगडीवर त्यांचा भात, त्यावरच आंघोळीचं पाणी. धुतलेलं लुगडंही आतच दोरीवर. खोकला लागलेला होताच. मला फार दया आली. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये वितभर फट होती, तिथून गार वारा यायचा. मी एक दिवस जुनी वर्तमानपत्रं आणि त्यांचीच खळ घेऊन ती फट चारी बाजूंनी गच्च बुजवून टाकली. "आता बघा कशी ऊब येते!" गोदाक्का म्हणाल्या, "स्वल्प मोकळी ठेव की." मी म्हटलं, "अजिबात नाही."

ऊब आली. आणि चौथ्या दिवशी थेंब दुप्पट झाले.

अण्णा पुन्हा वर चढले, पुन्हा डांबर. गोदाक्का बाशिंगं या दोरीवरून त्या दोरीवर हलवत राहिल्या. आठवड्यात तीन जोड्यांवर डाग पडले. त्या त्यांनी ट्रंकेमागे सारल्या. मी रोज सकाळी पुढच्या अंगणात उभी राहून आभाळाकडे बघायची आणि त्याला मनातल्या मनात दोष द्यायची. त्या बिचाऱ्याचा काय संबंध?

धनुर्मासातली पहाटेची हुग्गी, म्हणजे मुगाची खिचडी, आमच्याकडे नैवेद्याला असते. मिरी, खोबरं आणि वर सैल हातानं तूप. एका सकाळी सासूबाईंनी एक झाकलेलं पातेलं माझ्या हाती दिलं, "अक्कांना गरम आहे तोवर देऊन ये." शेडचं दार उघडून आत पाऊल टाकलं तर माझा चष्माच गेला. दोन्ही काचा पांढऱ्या. आंधळ्यासारखी चाचपडत मी पातेलं ठेवलं, झाकण उचललं, आणि झाकणाखालचं सगळं पाणी माझ्या पायांवर पडलं. टप्, टप्, टप्. तोच आवाज.

मी चष्मा पदरानं पुसला आणि वर पाहिलं. थेंब सगळीकडे सारखे नव्हते. शेगडीच्या वर दाट होते. लुगड्याच्या दोरीच्या वर होते. आणि सगळ्यात दाट होते ते गोदाक्कांच्या खाटेच्या वर, जिथं खिळा नव्हता, सांधा नव्हता, भोक पडावं असं काहीच नव्हतं. तिथं त्या झोपत होत्या, एवढंच.

छत गळतच नव्हतं. बारा वर्षं ती बाई त्या बंद खोलीत एकटी श्वास घेत होती, आणि तिचाच श्वास गार पत्र्याला लागून पाणी होऊन खाली येत होता. आणि तो बाहेर जायची एकच वाट होती, ती मी मायेनं बुजवली होती. मला तिथल्या तिथे रडू आलं. गोदाक्का हुग्गीचा घास घेत म्हणाल्या, "मिरी लागली का गं?"

अण्णांना सांगणं हे वेगळंच प्रकरण होतं. मी झाकण घेऊनच त्यांच्यासमोर गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पाणी खालून वर जातं म्हणतेस? सांगलीला जात असेल. आमच्या बंगळुरात तरी वरून खाली येतं." सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग मी फट बुजवल्याचंही कबूल केलं. अण्णा गंभीर झाले. "सरी," म्हणाले. कानडीत सरी म्हणजे ठीक. "संक्रांतीपर्यंत काय करायचं ते कर. मी डांबराला हात लावत नाही." त्यांच्या बाजूनं हा फार मोठा त्याग होता.

पहिलं काम, ती वर्तमानपत्रं खरवडून फट मोकळी करणं. गारठा परत आला, म्हणून मी माझी आईनं दिलेली लोकरीची शाल गोदाक्कांच्या अंगावर टाकली. दुसरं, पत्र्याला आतून अस्तर देणं, म्हणजे खोलीतली ऊब गार पत्र्याला लागणारच नाही. माधव तेव्हा इंदिरानगरला एका ऑफिसात होता. तिथं रोज कॉम्प्युटरची खोकी उघडत आणि थर्माकोलचे ताव मागच्या अंगणात फेकले जात. मराठी माणसाला थर्माकोल म्हटलं की गणपतीचं मखर दिसतं. माधव स्कूटरवर मागे ताव बांधून आणायचा तेव्हा शेजारचे गौडा विचारायचे, "काय माधवा, डिसेंबरात गणपती?"

तिसरं काम सगळ्यात अवघड निघालं. थर्माकोलखाली शेगडी पेटवायची नाही. ठिणगी उडाली तर सगळंच जाईल, आणि खळीची वाफ आत नकोच होती. म्हणजे शेगडी बाहेर जायला हवी, आणि खळ शिजवायला, भात करायला गोदाक्कांनी घरात यायला हवं. त्या एकदम ताठ झाल्या. "ते बेडा," म्हणाल्या. बेडा म्हणजे नको, आणि त्या नकोला दुसरी बाजू नसते. "छत राखायला माझी चूल घालवू? मग राहिलं काय माझं?" फिजिक्समध्ये ते शिकवत नाहीत.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या घरात मोठ्यानं कधी बोलत नसत. त्या आत आल्या, हातातलं फडकं घडी करत म्हणाल्या, "अक्का, आपल्या गॅसची डावी शेगडी तुमची. मी तिला हात लावणार नाही. दूध उतू जात असलं तरी उजवीकडेच जाईल." इतकी वर्षं एकीनं केलं आणि दुसरीनं दिलं, त्या दोघी समोरासमोर उभ्या होत्या. "मोरचूद मात्र घरात आणायची नाही मी," गोदाक्का शेवटी म्हणाल्या. "विष असतं ते. खळ शेडमध्ये नेऊन मगच घालीन." मोरचूद घातलं की खळीला झुरळं लागत नाहीत. हा त्यांचा होकार होता.

वाशांना कामट्या ठोकून आम्ही ताव चढवले. छत पांढरं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिमाखात अण्णांना घेऊन आत गेले. तावांच्या मधोमध कोरडं होतं, पण दोन ताव भेटत तिथल्या फटींतून थेंब ओळीनं लोंबत होते. ऊब फटींतून वर चढून पत्र्याला भेटतच होती. अण्णांनी एका थेंबाखाली बोट धरलं, ते धोतराला पुसलं आणि बाहेर निघून गेले. संक्रांतीला आठ दिवस राहिले होते.

मी खाटेवर बसले. आता हुबळी, असंच मनात आलं. गोदाक्का मान वर करून ते छत बघत होत्या. कामात चूक काढताना बघत तसं, डोळे बारीक करून. "अशी सांध्यात फट राहिली तर ते बाशिंग कसलं?" त्या म्हणाल्या. "टेबल आण. आणि तू वर चढू नकोस, तुला चिकटवता येत नाही."

बावन्न वर्षांची बाई लुगडं खोचून टेबलावर चढली. मी खाली वाटी धरून. सांध्यांवर कागदाच्या पट्ट्या, एकावर एक तीन थर, बोटानं दाबत, हवेचा बुडबुडा मागे न ठेवता. जिथं चार ताव एका ठिकाणी भेटत, तिथं पट्टी पुरेना. तेव्हा त्यांनी ट्रंकेतून जाड कागदांचा एक गठ्ठा काढला, हातभर उंच. खळ लावताना माझ्याकडे पाठ करत. चिकटवला की खालून नुसता कोरा पांढरा कागद दिसे. मी विचारलं, "एवढा चांगला कागद कुठून आणलात?" म्हणाल्या, "साठलेला आहे. वाटी सरळ धर." पाच दिवस लागले. मान दुखली की त्या खाली उतरत, घरात जाऊन डाव्या शेगडीवर नवी खळ ठेवत, आणि उजव्या शेगडीशी उभ्या सासूबाईंशी काहीतरी बोलत. काय बोलत ते मला कधी ऐकू आलं नाही. दोघींचे आवाज मात्र येत.

संक्रांतीला सकाळी अण्णा आंघोळ करून शेडमध्ये आले. टेबलावर चढून त्यांनी छतावरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तळहात बघितला. मग एकेक बाशिंग दोरीवरून काढून चष्म्याजवळ नेऊन पाहिलं. शेवटच्या आठवड्यातली सगळी पांढरीशुभ्र. आधीच्या डागांचं त्यांनी नावही काढलं नाही. त्यांनी शेवटचं जपून परत टांगलं. "सरी," म्हणाले. दाराशी गेले, परत वळले आणि खिशातून पुडी काढून म्हणाले, "वहिनी, एळ्ळू घ्या." तिकडे तिळगुळाला एळ्ळू-बेल्ल म्हणतात. गोदाक्कांनी दोन्ही हात पुढे केले. त्या हातांवर खळ वाळलेली होती.

तीसेक वर्षं होत आली. अण्णा नाहीत, सासूबाईही नाहीत. गोदाक्का ब्याऐंशीच्या आहेत. गुडघ्यांमुळे आता घरातल्याच मागच्या खोलीत झोपतात, पण दिवसा शेडमध्ये खुर्ची टाकून बसल्याशिवाय त्यांना करमत नाही. बाशिंगं थांबली, नजर अधू झाली. आमच्या गॅसची डावी शेगडी अजून अक्कांची आहे. नव्या सुनेची ओळख करून द्यावी तशी आम्ही ती पाहुण्यांना दाखवतो.

या माघात धाकटीचं लग्न आहे. शेडचा पत्रा अगदी चाळणी झालाय, आता तो खरोखरच गळतो. म्हणून परवा माणसं बोलावली. नवा पत्रा आतून फोम लावूनच येतो, काही करावं लागत नाही. त्यांनी जुनं छत उतरवायला घेतलं. थर्माकोल हातात येताच भुगा होत होता, कागद मात्र जसेच्या तसे. थोड्या वेळानं त्यांच्यातल्या एकानं हाक मारली, "मेडम, स्वल्प बघा की. वर लग्नपत्रिका आहेत."

पत्रिका होत्या. कन्नड, मराठी, कुंकवाचं बोट लावलेल्या. ज्यांनी ज्यांनी बाशिंग नेलं होतं त्या घरांच्या. बाशिंग सांगायला येताना लोक पत्रिका ठेवून जात, सासूबाई ती मागे पाठवत, आणि गोदाक्का ट्रंकेत ठेवत. त्यांना स्वतःला कुठल्याच लग्नाला जाता येत नव्हतं. छापलेली बाजू त्यांनी वर केली होती, पत्र्याकडे, जिथं कोणी कधी वाचणार नव्हतं. मी जमिनीवर बसून एकेक बघत गेले. खाटेच्या बरोबर वरच्या चौकातली पत्रिका माझी होती. माझी आणि माधवची. खाली निमंत्रकांची नावं, अण्णांचं, सासूबाईंचं, काकांची, आत्यांची. त्यात गोदाक्का नव्हत्या. विधवेचं नाव पत्रिकेत घालत नसत. पण सगळ्यात शेवटच्या ओळीखाली शिसपेन्सिलीनं, बारीक, नीट अक्षरांत लिहिलं होतं: गोदावरी. मागे श्रीमती नाही, पुढे आडनाव नाही. नुसतं गोदावरी.

मी तीस वर्षं त्या छताखाली जात-येत होते. मला ते माहीत नव्हतं.

धाकटीच्या पत्रिकेचं प्रूफ त्याच सकाळी आलं होतं. मी छापखान्यात फोन केला. निमंत्रकांत एक नाव राहिलंय, म्हटलं, आणि ते सगळ्यात वर घालायचं. त्यानं विचारलं, वर कशाला, जागा खाली आहे. मी म्हटलं, खाली होतं ते वाचता येत नव्हतं.

काल दुसरं प्रूफ आलं. मी ते गोदाक्कांकडे घेऊन गेले. जुनी पत्रिका दाखवायचा धीर झाला नाही. त्यांना कळलं असावंच, कारण शेड उघडी पडलेली त्यांनी खिडकीतून पाहिली होती. त्यांनी भिंग डोळ्याशी धरलं आणि ओळीवरून सावकाश फिरवलं. पहिल्या नावाशी भिंग थांबलं. मग त्यांनी कागद अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून पाहिला, जसा जन्मभर पाहत आल्या तसा.

"सरी," म्हणाल्या. "पण कागद पातळ आहे गं, सुमा. छताला नाही चालायचा."